लक्ष्मीबाई टिळकांच्या लेखनाची डिजिटल प्रत : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५ : व्याप्ती

'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचे चारही भाग (१९३४ ते १९३७) आणि 'ख्रिस्तायन' या महाकाव्यातले लक्ष्मीबाईंनी रचलेले अध्याय, एवढे काम ठरले. तयार प्रत तीन प्रकारे वापरता आली पाहिजे : फोनवर वाचायला, शब्द शोधायला आणि ऐकायला. नुसत्या स्कॅनची पीडीएफ यांतले एकही काम नीट करत नाही.

निवड लक्ष्मीबाईंचीच का, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढचे संपादकीय निर्णय त्यावरच उभे राहणार आहेत. शाळेची पायरी न चढलेली ही बाई लग्नानंतर अक्षरे गिरवते, संसार मोडून पुन्हा जुळतो तेव्हा कविता लिहू लागते, पन्नाशीत वैधव्य आल्यावर नवऱ्याचे, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांचे, अपुरे राहिलेले महाकाव्य हाती घेते आणि पासष्टीच्या सुमारास मराठी गद्याला एक नवाच आवाज देते. ही वाट तिच्या भाषेतच उमटलेली आहे. भाषा 'दुरुस्त' केली की वाट पुसली जाते.

५ नोव्हेंबर : हक्कांची तपासणी

लक्ष्मीबाईंचे निधन २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मुळात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे अशी मुदत होती, आणि ती पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजायची. म्हणजे हयातीत छापलेल्या मजकुराचा हक्क ३१ डिसेंबर १९८६ला संपला. मुदत साठ वर्षांवर नेणारी दुरुस्ती २८ डिसेंबर १९९१पासून लागू झाली. संपलेला हक्क ती पुन्हा जिवंत करत नाही.

मरणोत्तर प्रकाशनाचा हिशेब निराळा आहे. तिथे मुदत पहिल्या प्रकाशनाच्या वर्षापासून धरतात. शेवटच्या भागासाठी १९३७ धरले तर १९८७अखेर, आणि १९३८च्या 'ख्रिस्तायन'साठी १९८८अखेर. दोन्ही तारखा १९९१च्या आधीच्याच, त्यामुळे रस्ता मोकळा आहे. प्रत अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवायची असेल तर आणखी एक प्रश्न येतो : १ जानेवारी १९९६ रोजी ते पुस्तक भारतात हक्काखाली होते का? नव्हते. तेही निकालात निघाले.

अडकायला होते ते मूळ मजकुराभोवतीच्या गोष्टींत. मुलगा देवदत्त यांनी लिहिलेला मजकूर, नंतरच्या आवृत्त्यांच्या प्रस्तावना, संपादकीय टीपा, नव्याने काढलेली मुखपृष्ठे, या सगळ्यांचे हक्क वेगळे मोजावे लागतात. ते मोजून होईपर्यंत एकही ओळ घ्यायची नाही. जोसेफिन इंक्स्टर यांचा १९५०चा आणि शांता गोखले यांचा २०१७चा, हे इंग्रजी अनुवाद अर्थ पडताळायला उपयोगी आहेत, पण त्यांतले वाक्य टीपेत उतरवायचे नाही.

११ नोव्हेंबर : प्रती आणि स्कॅनिंग

त्या काळचा कागद आता तपकिरी आणि ठिसूळ झाला आहे. पुस्तक सपाट उघडून फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेवर दाबले तर शिलाईपाशी पान तुटते. म्हणून इंग्रजी व्ही आकाराचा लाकडी पाळणा, पुस्तक साधारण शंभर अंशांपर्यंतच उघडलेले, वरून कॅमेरा आणि दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर दिवे अशी मांडणी केली. आधी सगळी उजवीकडची पाने, मग सगळी डावीकडची. पुस्तक सारखे उलटसुलट करावे लागत नाही आणि फोकस हलत नाही.

पानामागे काळा कागद ठेवणे सक्तीचे. पातळ कागदातून पाठीमागची छपाई दिसते आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणारे सॉफ्टवेअर, त्या सावलीला अनुस्वार समजते. चारशे डीपीआय, ग्रेस्केल. काळे-पांढरे रूपांतर कॅमेऱ्याच्या पातळीवर करायचे नाही, कारण फिकट टिंबे तिथेच कायमची जातात. कडा छाटणे, वाकलेली ओळ सरळ करणे ही कामे स्कॅनटेलर या सॉफ्टवेअरमध्ये. त्यातले डाग काढण्याचे साधन मात्र पूर्ण बंद. मराठीत ते डागांबरोबर अनुस्वारही झाडून टाकते.

प्रत्येक भागाच्या निदान दोन वेगवेगळ्या छापील प्रती हव्यात. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईत वरच्या मात्रा आणि अनुस्वार खिळ्याबाहेर लोंबतात आणि पहिल्यांदा तुटतात. फॉर्मा (एकदम छापायच्या पानांची जुळणी) जसजसा मशीनवर चालतो तसतशी टिंबे कमी होतात, म्हणून एका प्रतीत नसलेले टिंब दुसऱ्या प्रतीत सापडू शकते.

१८ नोव्हेंबर : चरित्ररेषा

'स्मृतिचित्रे'त तारखा फार थोड्या आहेत. लक्ष्मीबाईंचा काळ घटनांनी चालतो : अमका वारला ते साल, प्लेग आला तो उन्हाळा. टीपा देण्यासाठी पक्क्या खुंट्या लागतात, म्हणून स्वतंत्र तक्ता केला. कुठली घटना कुठल्या दोन खुंट्यांच्या मध्ये पडते एवढेच त्यात भरायचे. अंदाजाने साल घालायचे नाही.

१८६८ : जन्म, नाशिकजवळ जलालपूर, माहेरचे आडनाव गोखले. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी (जन्म १८६१) लग्न. घरात कडकडीत सोवळे, शिक्षण शून्य. अक्षरओळख नवऱ्याने करून दिली तीही तुकड्यातुकड्यांनी, कारण टिळकांचा मुक्काम आणि नोकरी दोन्ही एका जागी टिकत नसत.

१८९३ : नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ : मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचे दोन भाग इथे पडतात. लहान मूल पदरात, नवरा जातीबाहेर, आणि आपण नातेवाइकांच्या आधाराने, अशी वर्षे त्यांनी काढली. या ताटातुटीत त्यांनी कविता रचल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि आणखी काही काळाने स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. 'नवऱ्यामागे गेल्या' असे ढोबळपणे लिहिले जाते, ते आमच्या टीपांत येऊ द्यायचे नाही. जात-पात सोडण्याचा निर्णय त्यांनी कसा पायरीपायरीने घेतला हे पुस्तकात तपशीलवार आहे आणि तो पुस्तकाचा कणा आहे.

१९०७ : जळगावचे कविसंमेलन. तिथे पुढे आलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण, म्हणजे बालकवी, नंतर नगरला टिळकांच्या घरी राहिला. त्याचा रेल्वे अपघातात मृत्यू ५ मे १९१८ला. ठोंबरे घरात आहेत असे प्रसंग या दोन तारखांच्या मध्ये बसवता येतात, म्हणून ही जोडी फार कामाची.

९ मे १९१९ : टिळकांचे निधन. लक्ष्मीबाई पन्नाशीत. लेखिका म्हणून बघितले तर इथे सगळे संपायला हवे होते : शिक्षक, पहिला वाचक आणि घरातला कवी, तिघे एकदमच गेले. घडले उलटे. 'ख्रिस्तायन'चे सुरुवातीचे दहा-एक अध्याय टिळक करून गेले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले. हा आकडा प्रत्येक परिचयात ठळक गेला पाहिजे. 'टिळकांचे काव्य पत्नीने पूर्ण केले' या वाक्यात काव्याचा मोठा हिस्सा कुणाचा हे लपते.

'स्मृतिचित्रे'चा उगम याहून साधा. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. चरित्रासाठी मागवलेला कच्चा माल स्वतःच पुस्तक होऊन बसला. १९३४ला पहिला भाग आला तेव्हा लेखिका पासष्टीत होती. हाती उरली दोन वर्षे.

२६ नोव्हेंबर : ओसीआर

टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरचे मराठी मॉडेल, त्यातही 'बेस्ट' संच. हिंदी मॉडेल जोडीला लावू नये, ते ळ आणि ऱ्य बिघडवते. जुन्या खिळ्यांवर ठरलेल्या चुका येतात : ध-घ, भ-म, थ-य, ष-प यांची अदलाबदल, त्तच्या जागी त, द्यच्या जागी घ, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम, आणि ओळीच्या शेवटचा काना दंड होऊन बसतो. या बहुतेक चुका शब्दयादीशी ताडून सापडतात.

'ऱ्य' दोन प्रकारे साठवला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमधले ०९३१ क्रमांकाचे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. सगळीकडे पहिला प्रकार करून घेतला. 'ॲ'चेही तसेच : एकच अक्षर ठेवायचे, अ आणि चंद्र अशी जोडणी नको.

४ डिसेंबर : अनुस्वाराचा निर्णय

सर्वांत जास्त चर्चा यावर झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

१९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले. त्याआधीचे हे पुस्तक असल्याने त्यात कांहीं, नाहीं, तें, केलें, त्यानें असे लेखन आहे. सूचना अशी होती की यंत्राने अनुस्वार काढून टाकावेत, म्हणजे आजच्या वाचकाला सोपे जाईल. ती नामंजूर केली. कारणे सविस्तर देतो.

एक, 'घरांत'. जुन्या लेखनात एका घरातलाही 'घरांत' आणि अनेक घरांमधलाही 'घरांत'. आज पहिला 'घरात' झाला, दुसरा तसाच राहिला. यंत्राने सरसकट टिंब काढले तर अनेकवचन मरते. प्रत्येक ठिकाणी माणसानेच अर्थ बघावा लागतो.

दोन, आणि हे निर्णायक. जुन्या लेखनात बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी गेलें', 'मी बसलें' असे अनुस्वारासह लिहिले जाई. आदरार्थी पुरुषाला 'ते गेले', 'ते बसले', अनुस्वाराविना. मराठीत कर्ता गाळण्याची सवय तर आहेच. आता नमुन्यासाठी आम्हीच केलेले वाक्य घ्या : 'दुसऱ्या दिवशी नगरला गेलें.' म्हणजे गेली ती सांगणारी बाई. 'दुसऱ्या दिवशी नगरला गेले.' म्हणजे गेले ते टिळक. ज्या पुस्तकात मुख्य माणसे दोनच, एक 'मी' आणि दुसरे 'टिळक', त्यात कृती कुणाची हे कितीदा तरी या एका टिंबावर ठरते. स्कॅनमध्ये पहिल्यांदा पुसले जाणारे, खिळ्यावरून पहिल्यांदा तुटणारे आणि ओसीआर पहिल्यांदा गाळणारे चिन्हही तेच. बायकोचे करणे नवऱ्याच्या नावावर जाण्याची ही छापखानी वाट आहे, आणि ती आपण बंद करायची.

म्हणून मूळ लेखन जसेच्या तसे. आजच्या वाचकाच्या सोयीसाठी शोधाचा थर वेगळा : पडद्याआड प्रत्येक शब्दाचे अनुस्वार काढलेले रूप साठवायचे, म्हणजे 'नाही' शोधल्यावर 'नाहीं' सापडेल. दिसणारा मजकूर हलत नाही.

९ डिसेंबर : मुद्रितशोधनाची रीत

दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचे आणि दोन फाइलींतला फरक संगणकाने दाखवायचा. फरक पडेल तिथे तिसऱ्याने स्कॅन बघून निकाल द्यायचा. मात्र दोघांचेही डोळे ओळखीचा शब्द गृहीत धरून पुढे सरकतात, आणि 'गेले' हा तर अगदी ओळखीचा शब्द. त्यासाठी अनुस्वाराची फेरी वेगळी ठेवली : ले, ते, ने, णे, ही यांवर संपणारे सगळे शब्द यादीने काढायचे आणि प्रत्येक शब्द स्कॅनवर दुप्पट मोठा करून पाहायचा.

जुन्या छापखान्यांत एक जण मोठ्याने वाची आणि दुसरा प्रूफ पाही. ती पद्धत इथे फार उपयोगाची, कारण हे गद्य कानाने लिहिलेले आहे. संवाद नाटकासारखे येतात, वाक्ये तोडलेली असतात. मोठ्याने वाचल्यावर गळलेला शब्द लगेच खटकतो. तासाला सात-आठ पानांपेक्षा जास्त गती आली की चुका सुटतात.

छापील प्रतीतली उघड मुद्रणचूक (उलटे अक्षर, दोनदा आलेला शब्द) दुरुस्त करायची आणि फाइलीत खूण ठेवायची. बोलीरूप, आज वापरात नसलेला शब्द, एकाच नावाची दोन लेखने, हे काहीच चूक नव्हे. तिथे हात लावायचा नाही.

१६ डिसेंबर : टीपा

पहिली टीप 'टिळक' या नावावर. आजच्या वाचकाच्या मनात लोकमान्य येतात. या पुस्तकात नुसते 'टिळक' म्हणजे नारायण वामन, हे पहिल्याच उल्लेखाला सांगायचे, नंतर पुन्हा नाही.

टीप कशाला द्यायची याची कसोटी : त्याविना प्रसंग कळत नसेल तरच. सोवळे-ओवळे आणि शिवाशिव यांचे व्यवहार आता तरुण वाचकाला परके आहेत, तिथे टीप हवी. लक्ष्मीबाई विनोद करतात तिथे टीप देऊन तो समजावायचा नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर एका ओळीपेक्षा जास्त नको.

लेखक-नोंदीत नाव 'टिळक, लक्ष्मीबाई, १८६८–१९३६' असे. 'ख्रिस्तायन'च्या नोंदीत दोघे कवी म्हणून समान पातळीवर. सूचीत 'पूर्ण करणारी' असा दुय्यम दर्जा दिला की शोधात त्यांच्या नावाखाली हे काव्य येतच नाही.

८ जानेवारी २०२६ : ख्रिस्तायन, ओव्यांची बांधणी

गद्याची बांधणी इथे चालत नाही. प्रत्येक ओवी एक स्वतंत्र खंड, त्यात चार चरणांच्या चार ओळी, ओवीक्रमांक मजकुराचा भाग न करता वेगळ्या खुणेत. क्रमांक मजकुरात ठेवला तर शोधात आणि ऐकताना मध्येमध्ये आकडे येतात. फोनच्या अरुंद पडद्यावर चरण मोडलाच तर दुसरी ओळ आत सरकलेली दिसावी : डावा समास दोन एम (एम म्हणजे टंकाच्या आकाराइतके माप), पहिल्या ओळीला उणे दोन एम.

तपासणीला ओवीच मदत करते. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. पहिल्या तिन्ही चरणांच्या शेवटच्या अक्षरांची यादी काढली की जिथे यमक जुळत नाही तिथे बहुधा ओसीआरची चूक निघते. गद्याला अशी सोय नसते.

टिळकांचे अध्याय वेगळ्या फाइलीत आणि लक्ष्मीबाईंचे वेगळ्या, प्रत्येक अध्यायाच्या शिरोभागी कवीचे नाव.

२० जानेवारी : ऐकण्याची प्रत

वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर जुना अनुस्वार नाकात उच्चारते. 'नाहीं', 'कांहीं' ऐकवत नाही. म्हणून ऐकण्यासाठी उच्चारानुसार दुसरी फाइल लागते. नियम दिसतो तितका सरळ नाही. शेवटचा 'ें' नपुंसकलिंगी रूपात असेल तर उच्चार 'अं' : तें काम केलें, ऐकताना 'केलं'. गाणें, 'गाणं'. पण पुढें, मागें, त्यामुळें यांत साधा ए, आणि त्यानें, हातानें या तृतीयेतही साधा ए. आणि बाईच्या तोंडचे 'मी गेलें' हे 'गेले', 'गेलं' कदापि नाही.

तीन याद्या केल्या. अव्यये आणि तृतीयेची रूपे यंत्राने बदलायची. नामे शब्दकोशाच्या आधाराने. क्रियापदे मात्र हातानेच, कर्ता बघून. वेळ इथेच जातो आणि तो द्यायचा. ज्या लेखिकेचे बळ बोलण्यात आहे तिची ऐकण्याची प्रत दुय्यम समजता येणार नाही.

२ फेब्रुवारी : ईपब (ई-पुस्तकाची फाइल) चाचणी

फाइलीला भाषेची खूण 'मराठी' अशी हवीच. ती नसली किंवा हिंदी असली तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. मुक्त परवान्याचा टंक सोबत जोडला, कारण काही फोनवर जुनी जोडाक्षरे हलन्तासह सुटी दिसत होती. मजकूर डावीकडून सरळ ठेवला, दोन्ही कडा जुळवल्या नाहीत. मराठीत शब्द तोडण्याची सोय बहुतेक वाचन-ॲपमध्ये नाही, आणि लांब शब्दांमुळे ओळीत मोठी भगदाडे पडतात. ओळींमधले अंतर १.६, कारण त्याखाली वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी भिडतात.

टीपा पानाच्या तळाशी न ठेवता स्पर्शाने उघडणाऱ्या ठेवल्या. स्वस्त फोनवर त्या उघडल्यावर परत येण्याची वाट हरवते, म्हणून प्रत्येक टीपेच्या शेवटी परतीची खूण दिली.

१२ फेब्रुवारी : सद्यस्थिती

पहिल्या तीन भागांचे मुद्रितशोधन आणि अनुस्वाराची फेरी पूर्ण. चौथा भाग मरणोत्तर आलेला असल्याने त्यात लक्ष्मीबाईंचा मजकूर कुठे संपतो याची सीमा दोन प्रतींवरून निश्चित करणे चालू आहे. ती सीमा पक्की झाल्याशिवाय तो भाग प्रकाशित करायचा नाही. 'ख्रिस्तायन'च्या ओव्यांची यमक-यादी निम्म्यावर आली आहे. ऐकण्याच्या प्रतीतली क्रियापदे पहिल्या भागापुरती झाली. पुढच्या भागांसाठी जुने लेखन सहज वाचणारे आणि रोज तासभर देऊ शकणारे आणखी दोघे हवे आहेत. त्यांना सुरुवातीला 'मी' आणि 'टिळक' दोघेही असलेली वीस पाने सरावाला द्यायची आणि तिसऱ्या तपासणीनंतरच मूळ फाइल उघडून द्यायची.